'द ॲडजस्टमेंट ब्युरो' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा चित्रपट मी गेल्या काही वर्षांत बऱ्याच जणांना पाहायला लावला आहे. पाहून झाला की त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी प्रश्न येतात, आणि बहुतेक तेच ते येतात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे. पहिले तीन प्रश्न चित्रपट न पाहिलेल्यांसाठी आहेत. चौथ्यापासून पुढे सगळी गोष्ट उघड होते, तेव्हा ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी तिथेच थांबावं.

१. चित्रपट नेमका कशावर आहे? शेवट न फोडता सांगा.

डेव्हिड नॉरिस हा न्यूयॉर्कमधला तरुण राजकारणी. सिनेटची निवडणूक तो हरतो, त्याच रात्री त्याला एलिस नावाची नर्तिका भेटते. भेट काही मिनिटांचीच, पण दोघांच्याही मनातून ती जात नाही. इथपर्यंत साधी प्रेमकथा. पण सुटाबुटातली, हॅट घातलेली काही माणसं या दोघांची पुन्हा गाठ पडू नये म्हणून कामाला लागलेली असतात. त्यांची संस्था म्हणजे ब्युरो. त्यांच्याकडे प्रत्येक माणसाच्या आयुष्याचा आराखडा असतो आणि त्या आराखड्यात हे दोघं एकत्र नाहीत. कुणाचं पाऊल आखलेल्या वाटेबाहेर पडू लागलं की ही माणसं हळूच 'दुरुस्ती' करतात. कुणाची कॉफी सांडते, कुणाला टॅक्सी मिळत नाही, कुणाचा फोन लागत नाही. डेव्हिड ही माणसं काम करताना चुकून पाहतो आणि तिथून गोष्ट पळू लागते.

२. कोणी केला, कधी आला, कोण कोण आहे?

अमेरिकेत ४ मार्च २०११ रोजी प्रदर्शित झाला. लांबी १०६ मिनिटं. लेखन आणि दिग्दर्शन जॉर्ज नॉल्फी यांचं. पटकथाकार म्हणून ते आधीपासून परिचित होते, दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट. डेव्हिड झालाय मॅट डेमन आणि एलिस एमिली ब्लंट. ब्युरोच्या माणसांत हॅरी (अँथनी मॅकी), रिचर्डसन (जॉन स्लॅटरी) आणि थॉम्पसन (टेरेन्स स्टॅम्प) हे तिघं महत्त्वाचे. छायाचित्रण जॉन टोल यांचं, संगीत थॉमस न्यूमन यांचं. खर्च साधारण ५ कोटी डॉलर आणि जगभरातली कमाई त्याच्या अडीचपट, म्हणजे चालला, पण फार गाजावाजा झाला नाही. मला वाटतं त्याला मिळायला हवं होतं त्यापेक्षा कमी प्रेम मिळालं.

३. विज्ञानकथा आणि थ्रिलर म्हटलं की धसका बसतो. घरच्यांबरोबर पाहता येईल का?

येईल. रक्तपात जवळजवळ नाही, अंगावर येणारे धक्के नाहीत. एक-दोन प्रणयप्रसंग आहेत, तेही संयत. अमेरिकेत त्याला तेरा वर्षांखालच्या मुलांसोबत पालकांनी लक्ष ठेवावं अशा वर्गातलं प्रमाणपत्र आहे. विज्ञानाचा भागही जड नाही. यंत्रं, अवकाशयानं, गणितं काही नाही. फक्त दारं आहेत, त्यांच्याबद्दल प्रश्न ६ मध्ये लिहिलं आहे.

४. हरल्यावरच्या भाषणात असं काय आहे की डेव्हिड एकदम लोकप्रिय होतो?

निवडणुकीच्या तोंडावर वर्तमानपत्रात त्याचा जुन्या मित्रांबरोबरच्या थट्टामस्करीतला, पँट उतरवलेला फोटो छापून येतो आणि हातातली निवडणूक जाते. हॉटेलच्या पुरुषांच्या स्वच्छतागृहात तो पराभव मान्य करण्याचं भाषण घोकत असतो. तिथेच आतल्या एका खणात एलिस लपलेली असते. वरच्या मजल्यावरच्या लग्नात ती आगंतुकासारखी घुसलेली आणि आता सुरक्षारक्षक तिला शोधताहेत. बिचारी बराच वेळ गप्प बसते, शेवटी बाहेर येते. त्या दहा मिनिटांत दोघं एकमेकांशी जितकं खरं बोलतात तितकं त्याच्या भोवतीच्या सल्लागारांशी तो वर्षानुवर्षं बोललेला नसतो.

मग तो व्यासपीठावर जातो आणि लिहून दिलेलं भाषण बाजूला ठेवतो. माझा हा टाय मी निवडलेला नाही, तज्ज्ञांनी चाचण्या घेऊन निवडलाय, असं सांगतो. पायातला बूट काढून दाखवतो. बूट फार चकचकीत असला तर कष्टकरी दुरावतात, फार झिजलेला असला तर वकील आणि बँकवाले दुरावतात, म्हणून तो किती झिजलेला असावा हे ठरवायला सात हजारांवर डॉलर मोजले, हे तो लोकांसमोर उघड करतो.

हा प्रसंग नुसता मजेचा म्हणून सोडून देऊ नका. ब्युरो पडद्यावर नीट येण्याआधीच चित्रपटाने आपल्याला दुसरं एक ब्युरो दाखवलेलं आहे. या माणसाचं बोलणं, टाय, बुटावरचे ओरखडेसुद्धा दुसऱ्यांनी ठरवलेले आहेत, आणि त्याची त्याला इतकी सवय झाली आहे की ते त्याला खटकेनासं झालंय.

५. हॅरीला नक्की काय करायचं होतं? एका कॉफीने एवढं रामायण कसं घडलं?

सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या आत डेव्हिडच्या शर्टावर कॉफी सांडायची, एवढंच हॅरीचं काम. शर्ट खराब झाला असता तर डेव्हिड घरी परतला असता, बस चुकली असती, कचेरीत दहा-पंधरा मिनिटं उशिरा पोचला असता. पण हॅरी मॅडिसन स्क्वेअर पार्कमधल्या बाकावर बसल्या बसल्या पेंगतो. डोळे उघडतात तोवर डेव्हिड पुढे निघून गेलेला. हॅरी बसमागे जीव तोडून धावतो, पण बस काही गाठता येत नाही.

बसमध्ये एलिस बसलेली असते, ती आपला नंबर देते. डेव्हिड वेळेवर कचेरीत पोचतो आणि तिथे सगळी माणसं पुतळ्यासारखी गोठलेली, हॅटवाली मंडळी त्याच्या मित्राच्या, चार्लीच्या डोक्यात काहीतरी फेरफार करताना त्याला दिसते. म्हणजे एका डुलकीतून दोन चुका झाल्या: एलिस पुन्हा भेटली आणि पडद्यामागचं दिसलं. ब्युरोची हरकत पहिल्या भेटीला नव्हती. त्यांना धास्ती होती ती दुसऱ्या भेटीची.

हॅरी का पेंगला, हेही बरेच जण विचारतात. तो शिणलेला आहे. हे काम तो फार काळ करतोय आणि त्यातल्या काही कामांचं ओझं त्याच्या मनावर आहे, हे पुढे त्याच्या बोलण्यातून कळतं.

६. दारं, हॅट आणि पाणी यांचे नियम एकदा नीट सांगाल का?

शहरातली ठरावीक दारं एकमेकांना जोडलेली आहेत. एका कचेरीच्या दारातून आत गेलात की थेट मैदानावर निघता, तिथल्या दारातून बेटावर. ही वाट उघडायची तर डोक्यावर ब्युरोची हॅट हवी. हॅट नसेल तर तेच दार आपल्याला नेहमीच्या खोलीत नेतं. म्हणूनच शेवटच्या पळापळीत हॅरी आपली हॅट डेव्हिडला देतो, ती सगळ्यांत मोठी मदत.

पाणी ब्युरोच्या नजरेच्या आड येतं. पाऊस पडत असताना किंवा पाण्याच्या सान्निध्यात त्यांना माणसाचा माग नीट काढता येत नाही. हॅरीला डेव्हिडशी गुपित बोलायचं असतं तेव्हा तो त्याला पाण्याजवळ गाठतो, आणि शेवटची धाव पावसात होते, ती यामुळेच. पाण्यामुळेच का, याचं कारण चित्रपट देत नाही, आणि ते बरंच केलंय.

७. ही माणसं देवदूत आहेत का? आणि 'चेअरमन' म्हणजे देव?

डेव्हिड हॅरीला जवळजवळ असंच विचारतो. आम्हाला त्या नावाने ओळखलं गेलंय, पण आम्ही तुमच्यापेक्षा खूप जास्त जगणारे कर्मचारी आहोत, असा हॅरीच्या उत्तराचा रोख आहे. त्यांना वरिष्ठ आहेत, मंजुऱ्या घ्याव्या लागतात, वरचा मजला आहे. रिचर्डसनला तर आराखड्याचं पूर्ण कारणही ठाऊक नसतं, त्याला फक्त अंमलबजावणी करायची असते.

चेअरमन, म्हणजे ब्युरोचा सगळ्यांत वरचा प्रमुख, कधीच दिसत नाही. तू त्याला भेटलेला आहेस, तो प्रत्येकाला वेगळ्या रूपात भेटतो आणि कुणाला कळत नाही, असं हॅरी सांगतो. तो पुरुष असेल किंवा स्त्री, हेही मोकळं सोडलंय (प्रश्न १५ पाहा). दिग्दर्शकाने कुठल्याही एका धर्माचं चिन्ह पुढे आणलेलं नाही. त्यामुळे ख्रिस्ती प्रेक्षकाला तो आपला देव वाटू शकतो आणि आपल्याकडच्या माणसाला चित्रगुप्ताची कचेरी आठवते. मला पहिल्यांदा पाहताना तीच आठवली होती.

८. डेव्हिड आणि एलिस आधीच्या आराखड्यात एकत्र होते म्हणे. मग विरोध कसला?

हा भाग घाईत निघून जातो, म्हणून गोंधळ होतो. आराखडा एकदाच लिहिलेला नसतो, तो बदलला जातो. जुन्या आराखड्यात हे दोघं एकमेकांसाठीच होते. नंतर तो बदलला, पण जुन्याचे अवशेष उरले. म्हणूनच तीन वर्षांनी एवढ्या मोठ्या शहरात ती त्याला पुन्हा दिसते आणि पहिल्या क्षणापासून दोघांना जुनी ओळख असल्यासारखं वाटतं.

यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो काही जण अचूक पकडतात: त्यांचं प्रेम जर जुन्या आराखड्याचाच शिल्लक भाग असेल, तर ते तरी त्यांचं स्वतःचं कसं? माझं मत असं की ओढ आराखड्यातून आली असेल, पण ओढ म्हणजे प्रेम नव्हे. ओढ वाटल्यावर माणूस पुढे काय करतो ते त्याचं स्वतःचं असतं. प्रश्न १९ मध्ये याच्याबद्दल आणखी लिहिलं आहे.

९. ब्युरोने डेव्हिडची स्मृती सरळ पुसून का टाकली नाही?

रिचर्डसन तशी धमकी देतो. तोंड उघडलंस तर तुझं मन कोरं करून टाकू, तुझ्या घरच्यांना वाटेल तुला वेड लागलं. पण ब्युरोला डेव्हिड धडधाकट हवा आहे. त्यांच्या आराखड्यात तो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होणार आहे. मन पुसलं की राष्ट्राध्यक्षही गेला. शिवाय प्रत्येक दुरुस्तीचे तरंग उठतात, एक गोष्ट हलवली की दहा हलतात, म्हणून त्यांना शक्य तितकी छोटी ढकलणी पुरते. एलिसचा नंबर लिहिलेला कागद जाळणं ही तशी छोटी ढकलणी. डेव्हिडला तिचं फक्त पहिलं नाव ठाऊक असतं, तेवढ्यावर न्यूयॉर्कमध्ये माणूस शोधायचा कसा.

१०. थॉम्पसन जो इतिहास सांगतो तो खरा मानायचा का?

थॉम्पसन हा ब्युरोतला कठोर माणूस, त्याला 'हातोडा' म्हणतात. त्याचं म्हणणं असं: रोमन साम्राज्य शिखरावर असताना आम्ही बाजूला झालो, माणसाच्या हाती सूत्रं दिली, आणि पाच शतकांचं अंधारयुग आलं. मग आम्ही पुन्हा हात घातला आणि प्रबोधनकाळ, विज्ञान, ज्ञानोदय आला. १९१० मध्ये पुन्हा मोकळं सोडलं तर पन्नासेक वर्षांत पहिलं महायुद्ध, महामंदी, फॅसिझम, ज्यूंचा संहार आणि शेवटी १९६२ चा क्यूबातला क्षेपणास्त्रांचा पेच. तेव्हा तुम्हाला निर्णयस्वातंत्र्य झेपत नाही, तुम्हाला फक्त त्याचा भास दिलेला आहे.

टेरेन्स स्टॅम्प हे इतक्या शांतपणे बोलतात की ऐकताना पटतं. पण हा ब्युरोच्या माणसाने ब्युरोच्या बाजूने मांडलेला हिशेब आहे, हे विसरायचं नाही. युरोपाच्या मध्ययुगाला सरसकट अंधारयुग म्हणणं आज इतिहासकार टाळतात. त्याच शतकांत बगदादमध्ये आणि आपल्याकडे गणित आणि खगोलशास्त्र बहरलं होतं. आणि त्याचा हिशेब जसाच्या तसा घेतला तरी एक मोठी अडचण उरते. प्रबोधनकाळापासून १९१० पर्यंत सूत्रं ब्युरोच्या हाती होती ना? मग आफ्रिकेतून माणसं भरभरून गुलाम म्हणून नेली गेली ती याच काळात. वसाहती याच काळात उभ्या राहिल्या. १८७६ ते ७८ चा दख्खनचा दुष्काळ आणि १८९६-९७ ची मुंबई-पुण्याची प्लेगची साथ, दोन्ही 'सांभाळलेल्या' शतकांतच येतात.

चित्रपट हे प्रश्न विचारत नाही. डेव्हिडने ते थॉम्पसनच्या तोंडावर विचारायला हवे होते असं मला प्रत्येक वेळी वाटतं. तो एवढंच म्हणू पाहतो की माझ्या आयुष्याचा निर्णय माझा असू दे. तेवढ्याने थॉम्पसन निरुत्तर होत नाही, आणि नेमका इथे चित्रपटाने आपल्या खलनायकाला फार स्वस्तात सोडलंय.

११. एवढं झगडल्यावर डेव्हिड एलिसला हॉस्पिटलमध्ये सोडून का निघून जातो? तिथे मी चिडलो.

चिडायलाच हवं. माझ्या मते अख्ख्या चित्रपटाचं मर्म त्या प्रसंगात आहे.

रंगमंचावर नाचताना एलिसचा पाय मुरगळतो, आणि तो मुरगळला जाईल याची व्यवस्था थॉम्पसनने केलेली असते. मग तो डेव्हिडला सांगतो: तिच्याबरोबर राहिलास तर तू राष्ट्राध्यक्ष होणार नाहीस, आणि ती जगातली मोठी नर्तिका आणि नृत्यरचनाकार होण्याऐवजी सहा वर्षांच्या मुलींना नाच शिकवत बसेल. स्वतःच्या भविष्यावर पाणी सोडायला डेव्हिड तयार असतो. तिच्या भविष्यावर सोडायला तो तयार नसतो. म्हणून तो तिला न सांगता निघून जातो.

वरवर हा त्याग आहे, आणि पुष्कळ प्रेक्षक तो त्याग म्हणूनच पाहतात. पण नीट पाहा, तो नेमकं काय करतो? तिच्या आयुष्याचा निर्णय तिच्या माघारी घेतो. कारण सांगत नाही. तिच्या भल्यासाठी, असं स्वतःला पटवतो. ब्युरो आयुष्यभर हेच करत आलंय. ज्या माणसाला दुसऱ्याने आपलं आयुष्य आखलेलं सहन होत नाही, तोच एका दुपारी तिचं आयुष्य आखून मोकळा होतो. थॉम्पसनला त्याच्यावर जबरदस्ती करावीच लागत नाही, तो डेव्हिडलाच आपल्या कचेरीतला माणूस करून टाकतो.

आपल्याकडेही हे काही परकं नाही. मुलीच्या भल्यासाठी म्हणून तिला न विचारता ठरवलेली स्थळं, बायकोला काळजी नको म्हणून लपवलेलं कर्ज, आईला धक्का नको म्हणून न सांगितलेला आजार. करणारा प्रत्येक जण मनापासून प्रेमानेच करत असतो.

१२. एलिसला स्वतःची अशी इच्छाच दिलेली नाही, हा आक्षेप बरोबर आहे का?

बराचसा बरोबर आहे. अर्ध्याहून जास्त चित्रपटभर सगळी माणसं तिच्याबद्दल बोलतात, तिच्याशी कुणी बोलत नाही. आराखड्याची माहिती डेव्हिडला मिळते, दारांची त्याला मिळते, तिला फक्त परिणाम भोगावे लागतात. हॉस्पिटलनंतर अकरा महिन्यांनी ती जुन्या प्रियकराशी लग्न करायला निघते तेव्हाही आपल्याला त्यामागचं तिचं मन फारसं दाखवलेलं नाही. एमिली ब्लंटच्या अभिनयात जी धार आणि खट्याळपणा आहे तिच्यामुळे हे लिखाणातलं उणेपण झाकलं जातं.

पण शेवटच्या वीस मिनिटांत पटकथा ही चूक सुधारते. डेव्हिड न्यायालयाच्या इमारतीत तिला गाठतो आणि पहिल्यांदाच सगळं सांगतो. ती घाबरते, चिडते, दारापलीकडचं जग स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. त्यानंतर पुढच्या दारातून जायचं की नाही, हे ठरवणं तिच्याकडे येतं. ती जाते. प्रश्न ११ मधली चूक तिथे भरून निघते.

१३. हे आपल्या प्रारब्धासारखंच नाही का? 'लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधलेल्या असतात' वगैरे.

दिसायला सारखं, आतून वेगळं. आपल्याकडे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे तीन भाग मानतात. साठलेलं ते संचित, त्यातलं भोगायला आलेलं ते प्रारब्ध, आणि आत्ता करतोय ते क्रियमाण. म्हणजे आज वाट्याला आलेलं नशीबही आपल्याच जुन्या करणीचं फळ. ब्युरोचा आराखडा तसा नाही. तो डेव्हिडच्या कर्माचं फळ म्हणून आलेला नाही, पुढे जगाचं काही भलं व्हावं म्हणून वरून लादलेला आहे. प्रारब्धाची नजर मागे असते, आराखड्याची पुढे.

जवळची गोष्ट हवी असेल तर मला सावित्री आठवते. सत्यवान वर्षभरात मरणार हे नारद तिला लग्नाआधी सांगतात, वडील दुसरा वर निवडायला सांगतात, आणि ती ठाम नकार देते. सगळं माहीत असताना तिने केलेली ती निवड आहे. एलिसला हॉस्पिटलमध्ये हीच संधी नाकारली गेली.

आणि सटवाई. माझ्या भाचीच्या पाचवीला आजीने पाटावर कोरा कागद आणि नवी पेन्सिल ठेवली होती. रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते, म्हणून. सकाळी मी कागद उलटून पाहिला, त्यावर काहीच नव्हतं. आजी म्हणाली, "असतं गं, आपल्याला वाचता येत नाही." पुढे प्रश्न १४ मधल्या त्या शेवटच्या पानाशी आले की मला तो पाट आठवतो.

१४. शेवटी चेअरमनच आराखडा बदलतो. मग हे स्वातंत्र्य की नुसती वरिष्ठांची परवानगी?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा आणि सगळ्यांत अवघड प्रश्न. गच्चीवर दोघांना घेरलेलं असतं, सुटका नाही असं वाटून ते एकमेकांना मिठी मारतात, आणि हॅरी वरून बदललेला आराखडा घेऊन येतो. आक्षेप असा की ज्याने बेड्या घातल्या त्यानेच काढल्या, त्यात यांचं कर्तृत्व काय?

आक्षेपात तथ्य आहे. चित्रपटाला अडचणीतून बाहेर काढायला वरून हात आलाय, आणि तो जरा सहज आलाय. थ्रिलर म्हणून शेवट मला कमकुवतच वाटतो.

पण आराखड्याचं ते पान पाहा. बदललेल्या आराखड्यात 'हे दोघं सुखाने एकत्र राहतील' असं लिहिलेलं नाही. त्या क्षणापासून पुढचं पान कोरं आहे. ती दोघं टिकतील याची हमी नाही, तो राष्ट्राध्यक्ष होईल याची नाही, ती मोठी नर्तिका होईल याचीही नाही. एका आराखड्याच्या जागी दुसरा मिळाला असता तर मी आक्षेप पूर्ण मान्य केला असता. हॅरी शेवटी जे बोलतो त्याचा आशय असा की, एक दिवस आराखडा आपण नव्हे तर माणसांनीच लिहावा, हाच कदाचित चेअरमनचा खरा आराखडा असेल.

'मग हा बंडसुद्धा आधीच ठरलेला होता का?' असं कुणी पुढे विचारलं तर चित्रपट त्याला उत्तर देत नाही. तुम्ही जे उत्तर द्याल ते खोडून काढायला चित्रपटात काही नाही.

१५. वेगळा शेवट चित्रित केला होता, हे खरं का?

हो. चेअरमन पडद्यावर येते असा प्रसंग चित्रित झाला होता. ती स्त्री होती आणि शोहरे अगदाश्लू या अभिनेत्रीने ती भूमिका केली होती. अंतिम संकलनात तो प्रसंग काढला. दाखवलं असतं तर प्रश्न ७ उरलाच नसता. न दाखवणंच मला योग्य वाटतं.

१६. मूळ कथा कुणाची? चित्रपट तिच्यावर किती बेतलाय?

फिलिप के. डिक यांची 'ॲडजस्टमेंट टीम' ही १९५४ साली छापून आलेली कथा. कल्पना घेतली आहे, गोष्ट जवळजवळ नवी आहे. कथेतला नायक एड फ्लेचर जमिनी-घरं विकणाऱ्या कचेरीत नोकरी करतो आणि त्याचं लग्न झालेलं आहे. तिथे कॉफीऐवजी कुत्रा आहे. कुत्र्याने ठरावीक वेळी भुंकायचं असतं, तो उशिरा भुंकतो आणि एड कचेरीत भलत्या वेळी पोचतो. आत सगळं राखेसारखं करडं, हात लावला की भुगा होणारं. ते दृश्य चित्रपटातल्या गोठलेल्या माणसांपेक्षा कितीतरी भीतिदायक आहे.

कथेत प्रेमकथाच नाही. एडला गप्प राहण्याच्या अटीवर सोडून देतात. शीतयुद्धाच्या दिवसांत लिहिलेली कथा आहे, आणि तिथल्या दुरुस्तीचा दूरचा हेतू राष्ट्रांमधला ताण कमी करणं हाच आहे. डिक यांचा रोख वास्तव किती तकलादू आहे यावर होता. नॉल्फींनी त्यात एलिस आणली आणि तीच कल्पना माणसाच्या निवडीकडे वळवली.

१७. चित्रपटातली ठिकाणं खरी आहेत का?

खरी आहेत, आणि त्यामुळेच दारांची कल्पना पटते. पहिली भेट वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात, ब्युरोची इमारत म्हणून न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी, पळापळीत यांकी स्टेडियम आणि स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचं बेट, शेवट रॉकफेलर सेंटरच्या गच्चीवर. माणसांच्या आयुष्यांचे आराखडे ग्रंथालयात ठेवायचे, ही निवड मला फार आवडली. तेव्हाचे महापौर मायकल ब्लूमबर्ग आणि दूरचित्रवाणीवरचे जॉन स्टुअर्ट स्वतःच्याच रूपात दिसतात.

१८. एमिली ब्लंट खरंच नाचल्यात का?

त्या नर्तिका नव्हत्या. न्यूयॉर्कमधल्या सीडर लेक या समकालीन बॅले संस्थेबरोबर त्यांनी या भूमिकेसाठी तालीम केली, आणि पडद्यावरचे सोबतचे नर्तकही तिथलेच आहेत. ती संस्था २०१५ मध्ये बंद झाली.

१९. दुसऱ्यांदा पाहायचा तर कुठल्या प्रसंगासाठी थांबावं?

बसच्या. नंबराचा कागद जळाल्यानंतर डेव्हिडकडे एकच धागा उरतो: एलिस त्याला त्या बसमध्ये भेटली होती. तो रोज तीच बस पकडतो. तीन वर्षं. चित्रपटात याला काही मिनिटंही दिलेली नाहीत, एक वाक्य आणि एक दृश्य, बस. पण गणित करून पाहा. आठवड्याचे पाच दिवस धरले तरी सातशेहून जास्त सकाळी होतात. त्यातल्या प्रत्येक सकाळी टॅक्सीने जाणं सोपं होतं आणि कुणीही त्याला अडवलं नसतं. कुठल्याच आराखड्यात ते लिहिलेलं नव्हतं. मग एका सकाळी खिडकीतून रस्त्यावर चालणारी एलिस दिसते, आणि तो उतरून तिच्यामागे धावत सुटतो.